‘जपून चाला’ एवढें सांगणें पुरे काय?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



 महोत्सव म्हटला म्हणजे मागील पिढीचें कृतज्ञतेनें स्मरण होतें. या मंदिरासाठीं विटा कोणीं वाहिल्या, जागा कोणीं दिली, कोणत्या माउलीनें आपल्या कानांतील कुड्या काढून देणगीच्या ताटांत ठेविल्या, हें सांगतांना आपला ऊर भरून येतो, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं त्या विटा वाहिल्या त्यांपैकीं कित्येकजण अद्याप हयात आहेत, व तरीही ते आज येथें आलेले नाहींत. येण्याची त्यांची इच्छा नव्हती असें नव्हे. त्यांस आपल्या घराच्या पायऱ्या उतरतां आल्या नाहींत. आणि उतरतां आल्या असत्या तरी या मंदिराच्या सात पायऱ्या चढतां आल्या नसत्या. आज आम्ही त्या पायऱ्यांविषयीं बोलणार आहोंत.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, पायऱ्या, लाद्या आणि न्हाणीघर हे तर गवंड्याचे विषय. धर्मगुरूनें व्यासपीठावरून बोलावें असें त्यांत काय आहे? या शंकेचें उत्तर पवित्र शास्त्रांतच मिळतें. अनुवादाच्या पुस्तकांत, बाविसाव्या अध्यायांत, नवें घर बांधणारास एक आज्ञा केलेली आहे. त्यानें आपल्या घराच्या धाब्यास कठडा बांधावा. तो न बांधल्यामुळें कोणी तेथून पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशांत घरांचीं धाबीं सपाट असत. लोक त्यांवर निजत, धान्य व ताग वाळवीत आणि प्रार्थना करीत. प्रेषित पेत्र यापो नगरांत धाब्यावर प्रार्थनेस गेला होता, हें प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचलेंच आहे. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, परमेश्वरानें वर चालणारास ‘जपून चाल’ असें सांगितलें नाहीं. त्यानें घर बांधणारास ‘कठडा बांध’ असें सांगितलें. आमच्या आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे. पुढें जें सांगावयाचें तो त्याचा विस्तार होय.

हें सार आम्हांस सेमिनरींत कोणीं शिकविलें नाहीं. तें आम्ही आमच्या मातोश्रींकडून शिकलों, आणि फार उशिरां शिकलों.

आमचें वडिलार्जित घर जुन्या पद्धतीचें. मागील दारीं कपडे धुण्याच्या दगडाकडे उतरावयास तीन पायऱ्या. त्यांतील मधली एका बाजूस झिजून कलती झालेली. एकदां उपवासकाळांत आम्ही घरीं गेलों असतां आई म्हणाली, ‘बाळा, ती मधली पायरी मला फसविते रे.’ आम्हीं हसून म्हटलें, ‘आई, जरा जपून उतरत जा.’ इतकें बोलून आम्ही पुढच्या दारानें निघून आलों. त्याच रविवारीं आम्हीं चौथ्या आज्ञेवर प्रवचन केलें. मातापित्यांचा मान कसा राखावा, हें आम्हीं लोकांस अर्धा तास समजावून सांगितलें, व प्रवचन चांगलें झालें असें लोक म्हणाले. पुढें जुलै महिन्याच्या पावसांत त्या पायरीवर शेवाळ धरलें, आणि एके सकाळीं आई तेथें पडली. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, परंतु त्यानंतर ती आपल्या पायांनीं चर्चला कधीं गेली नाहीं. अकरा महिने ती खाटेवर होती. त्या अकरा महिन्यांत तिनें आम्हांस एकदांही दोष दिला नाहीं. तिच्या अंत्यविधीनंतर आम्हीं ती पायरी दुरुस्त करविली. गवंड्यास अर्धा दिवस लागला.

बंधुभगिनींनो, हें दुःख तुमची सहानुभूति मिळविण्यासाठीं आम्हीं सांगितलें नाहीं. तो अर्धा दिवस तुमच्या हातीं अजून आहे, म्हणून सांगितलें.

‘जपून चाला’ हे शब्द प्रेमाचे आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ते उच्चारून आपण काय करितों, याचा विचार करावा. घरांतील सर्वांत अशक्त माणसावर आपण घरांतील सर्वांत अवघड काम सोंपवितों. ज्याची दृष्टि मंद झाली त्यानें अधिक पाहावें, ज्याचे गुडघे दुखतात त्यानें अधिक सांवरावें, ज्याची झोंप मोडली त्यानें रात्रीं दोन वाजतां अधिक सावध असावें, असें आपण म्हणतों; आणि ज्यांचे हातपाय धड आहेत ते आपण मात्र भिंतींत एक खिळाही ठोकीत नाहीं.

हा प्रश्न एकट्यादुकट्या घराचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारे ६,८४,००० माणसें पडल्यामुळें मृत्यु पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो, आणि अशा रीतीनें मरणारांत साठीच्या पुढील माणसांची संख्या सर्वांत मोठी आहे. आपल्या देशांत २०११ सालच्या जनगणनेंत साठ वर्षें व त्यापुढील वयाचीं माणसें दहा कोटींहून अधिक भरलीं. अपंग म्हणून नोंदलेलीं माणसें सुमारे २ कोटी ६८ लक्ष होतीं. तेव्हां जिच्या घरीं असें एकही माणूस नाहीं, किंवा पुढें असणार नाहीं, अशी व्यक्ति या सभेंत सांपडणें कठीण आहे.

म्हातारपणीं माणूस कां पडतो? तरुणांस वाटतें कीं, तो निष्काळजीपणानें पडतो. खरीं कारणें निराळीं आहेत. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळट व गढूळ होत जातें. त्यामुळें तरुणास पुरणारा उजेड वृद्धास पुरत नाहीं, आणि उजेडांतून अंधारांत गेल्यावर त्याची दृष्टि स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. पायऱ्या एकाच रंगाच्या असल्या म्हणजे एक कोठें संपली व दुसरी कोठें लागली, हें त्यास दिसत नाहीं. निजलेला माणूस एकदम उभा राहिला असतां रक्तदाब क्षणभर उतरतो व घेरी येते. रक्तदाबाच्या आणि झोंपेच्या कांहीं औषधांनीं ती अधिक येते. मधुमेहानें तळपाय बधिर होतात. मग पाऊल ओल्यावर पडलें कीं कोरड्यावर, हें पायास कळत नाहीं. तरुणाचा तोल गेला तर तो चट्कन दुसरें पाऊल टाकून सांवरतो. वृद्धाच्या मांड्यांचे स्नायु क्षीण झालेले असल्यामुळें त्याचें तें दुसरें पाऊल वेळेवर पडत नाहीं. उतारवयांत हाडें, विशेषतः स्त्रियांचीं, ठिसूळ होतात; म्हणून ज्या पडण्यानें नातवास खरचटतें त्याच पडण्यानें आजीचें हाड मोडतें. यांतील एकही गोष्ट उपदेशानें सुधारत नाहीं. परंतु दिव्यानें, दांडीनें व खरबरीत लादीनें पुष्कळ सुधारते.

कांहीं घरांत निराळाच उपाय योजितात, आणि तो पहिल्याहून वाईट आहे. आजी पडेल म्हणून आजीला बसवून ठेवितात. स्वयंपाकघरांत येऊं नको, ओट्यावर जाऊं नको, विहिरीकडे फिरकूं नको, आम्ही सर्व कांहीं हातांत आणून देऊं, असें तिला सांगतात. हेतु चांगला असतो. परंतु न वापरलेले स्नायु आणखी झिजतात, आणि बसवून ठेविलेली आजी ज्या दिवशीं उठते त्या दिवशीं पडण्याचा धोका पूर्वींपेक्षां अधिक असतो. शिवाय मनाचें काय? पहिल्या शुक्रवारीं आम्ही आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन घेऊन जातों. अशाच एका घरीं एक आजी आम्हांस म्हणाल्या, ‘फादर, मला येथें कोणी कांहीं कमी करीत नाहीं. फक्त मला कांहीं करूं देत नाहींत.’ हे शब्द आम्ही विसरलों नाहीं. घर सुरक्षित करणें म्हणजे वृद्धाच्या भोंवतीं कुंपण घालणें नव्हे. त्याची वाट मोकळी करणें होय.

आतां आपण कल्पनेनें आपापल्या घरांतून एक फेरी मारूं. बरोबर आपल्या घरांतील सर्वांत थकलेल्या माणसास घेऊं, आणि त्याच्या पावलांनीं चालूं.

प्रथम अंगण व जोतें. आपल्या वाडवडिलांनीं वसईच्या या सखल भूमींत घरांचीं जोतीं उंच बांधलीं, तीं शहाणपणानें बांधलीं. पावसाचें पाणी घरांत शिरूं नये हा त्यांचा हेतु होता. जोतें पाडा असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्याच्या कडेस उतार बांधतां येतो. त्याचें माप ध्यानांत ठेवावें: जितकी उंची, तिच्या बारा पट लांबी. १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीस १८० सेंटिमीटर, आणि ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यास ५४० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. अंगण अपुरें असेल तर तो भिंतीलगत वळवावा. वळणावर आणि दारापुढें चाकांची खुर्ची उभी राहील व फिरेल अशी, दीड मीटर लांब व तितकीच रुंद, सपाट जागा ठेवावी. जागा वांचविण्यासाठीं उभा उतार बांधूं नये. तो पायऱ्यांपेक्षांही घातक होतो. इतकी जागा मुळींच नसेल तर पायऱ्याच ठेंगण्या, रुंद व सारख्या उंचीच्या कराव्या, दोहों बाजूंस कठडा लावावा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेवर पांढरा किंवा पिवळा पट्टा ओढावा. पावसाळ्यांत दर आठवड्यास शेवाळ खरवडून काढावें. जे नव्या इमारतींत राहतात त्यांनीं आपण या चिंतेंतून सुटलों असें मानूं नये. पुष्कळ ठिकाणीं लिफ्ट असते, परंतु तिच्यापर्यंत पोंचण्यास चार पायऱ्या असतात. त्या चार पायऱ्यांमुळें सगळी लिफ्ट व्यर्थ होते. सोसायटीच्या सभेंत हा विषय काढणें हेंही पुण्यकर्मच आहे.

नंतर उंबरठा. तो काढतां येत असेल तर काढावा. नसेल तर दोन्ही बाजूंस लाकडाची उतरती पट्टी बसवावी. आंत आल्यावर सरकणारीं पायपुसणीं, दुमडलेल्या सतरंज्या व जमिनीवरून गेलेल्या विजेच्या तारा दूर कराव्या. वृद्धास बसावयास खोल, मऊ कोच देऊं नये. त्यांतून उठणें त्यास कठीण जातें. हात असलेली, गुडघ्याइतक्या उंचीची, न हलणारी खुर्ची द्यावी. स्वयंपाकघरांतील रोजचीं भांडीं व डबे कंबरेच्या वर आणि खांद्याच्या खालीं ठेवावे, म्हणजे आजीला स्टुलावर चढावें लागणार नाहीं व फार वांकावेंही लागणार नाहीं.

मग रात्रींची वाट, म्हणजे खाटेपासून संडासापर्यंतची. ही वाट आम्ही घरांतील सर्वांत महत्त्वाची समजतों. खाट अशा उंचीची असावी कीं, कडेवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीस पूर्ण टेंकावे. उठल्यावर मिनिटभर कडेवर बसून मग उभें राहावें. बटण निजल्या जागेवरून हातास लागावें, आणि वाटेंत रात्रभर एक मंद दिवा जळत असावा. आपण ज्या घरांत पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढें अखंड दिवा ठेवितों, त्या घरांत आजोबांच्या वाटेवर दुसरा दिवा ठेविल्यानें पहिल्याचा मान कमी होणार नाहीं. पायांत ढिल्या सपाता नसाव्या. टांचेस धरणारीं, तळ न घसरणारीं पायताणें असावीं.

शेवटीं न्हाणीघर. गुळगुळीत लादी, साबणाचें पाणी आणि धरावयास कांहीं नाहीं, अशी ही जागा असते. लादी खरबरीत असावी, किंवा जमिनीस घट्ट चिकटणारी रबराची चटई घालावी. स्नानास पक्क्या पायांचें स्टूल असावें, व साबण आणि तांब्या बसल्या जागेवरून हातास यावा. आधाराची दांडी भिंतींत चांगली खोलवर बसवावी. टॉवेल टांगण्याच्या दांडीवर विसंबूं नये. ती माणसाचा भार सहन करीत नाहीं, आणि पडतांना हात नेमका तिलाच धरतो. उकिडवें बसतां येत नसेल तर सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचा कमोड बसवावा. तें न परवडल्यास जुन्या भांड्यावर ठेवावयाची, मध्यें भोंक असलेली पक्की खुर्ची सुतार किंवा लोहार करून देतो. दार बाहेर उघडणारें असावें व कडी बाहेरूनही काढतां येण्यासारखी असावी. कारण आंत पडलेलें माणूस बहुधा दारालाच आडवें पडतें, आणि आंत उघडणारें दार मग उघडत नाहीं.

या साऱ्या गोष्टींस फार पैसा लागत नाहीं. एका लग्नाच्या रोषणाईंत पांच घरांचीं न्हाणीघरें सुधारतील.

येथवर आम्ही वृद्धांविषयीं बोललों. आतां अपंगांविषयीं. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ माडावरून पडले व त्यांच्या कंबरेखालचा भाग लुळा झाला. वय चाळीसच्या आंत. चाकांची खुर्ची मिळाली; परंतु खुर्ची ६५ सेंटिमीटर रुंद, आणि न्हाणीघराचें दार ६०. पांच सेंटिमीटरांसाठीं त्यांच्या पत्नीनें त्यांस सहा वर्षें उचलून आंत नेलें. तिची पाठ गेली. त्यांची लाज गेली. शेवटीं त्यांच्या मेव्हण्यानें दोन दिवस खपून ती चौकट काढली व ९० सेंटिमीटरांची नवी बसविली. पुढच्या भेटींत आम्हीं विचारलें, ‘कसें काय आतां?’ ते म्हणाले, ‘फादर, आतां मी दार लावून घेतों.’ आपणांपैकीं प्रत्येकजण रोज दार लावून घेतो, आणि त्यांत कांहीं मोठें आहे असें आपणांस कधीं वाटत नाहीं. परमेश्वरानें आपल्या प्रतिरूपांत निर्मिलेल्या माणसाची प्रतिष्ठा कधीं कधीं तीस सेंटिमीटरांत असते.

अंधांविषयीं एकच सूचना. अंध माणूस आपलें घर हातांनीं व पायांनीं पाठ करितो. त्याला न सांगतां खुर्ची हलविणें, अर्धवट उघडें दार सोडणें, वाटेंत बादली ठेवणें, हें त्याच्यापुढें अडखळण ठेवण्यासारखेंच आहे. आणि अंधापुढें अडखळण ठेवूं नये, अशी स्पष्ट आज्ञा लेवीय पुस्तकांत आहे. ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांच्यासाठीं दाराच्या घंटेबरोबर दिवा लागेल अशी सोय वीजतंत्री सहज करून देतो.

आणि एक सांगावयाचें. जें कांहीं कराल तें त्या माणसास विचारून करा. मुलगा परगांवाहून येतो, आईच्या खोलींत एका दिवसांत सगळें बदलून टाकितो, व ‘तुझ्यासाठींच केलें’ असें म्हणून निघून जातो. दांडी त्याच्या उंचीस बसविलेली असते, आईच्या नव्हे. प्रभु येशूनें यरीहोच्या अंध माणसास, त्यास काय पाहिजे तें दिसत असतांही, ‘मी तुझ्यासाठीं काय करावें?’ अशा अर्थाचा प्रश्न केला. प्रभूनें विचारिलें, तर आपणांस विचारण्यास काय हरकत आहे?

वृद्धांसही आमची नम्र विनंति आहे. काठीची किंवा वॉकरची लाज धरूं नका. पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारीं तो पाळतात. पुढील वर्षींच्या मे महिन्यापासून गुडघेदुखीमुळें ते स्वतः चाकांच्या खुर्चींत बसून लोकांसमोर येऊं लागले. साऱ्या जगानें त्यांस त्या खुर्चींत पाहिलें, व त्यांचें धर्मकार्य थांबलें नाहीं. मुलांस त्रास होईल म्हणून पडलेलें लपवूं नका. एकदां पडणें हा इशारा असतो. तो डॉक्टरांस सांगा, डोळे तपासून घ्या, आणि औषधांची यादी त्यांस दाखवा.

कोणी याला दयाधर्म म्हणेल. दया ही थोर आहे. परंतु येथें दयेच्या आधीं न्यायाचा प्रश्न आहे. आपल्या देशानें २००७ सालीं अपंगांच्या हक्कांविषयींचा राष्ट्रसंघाचा करार मान्य केला, व २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. सार्वजनिक इमारतींत त्यांस अडथळ्यावांचून जातां आलें पाहिजे, हें त्या कायद्याचें एक प्रमुख तत्त्व आहे. आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर ठेवणारा कायदाही २००७ सालींच झाला. सरकारनें जें कायद्यानें मागावें, तें ख्रिस्ती कुटुंबानें आधींच प्रेमानें केलेलें असावें, हें शोभून दिसतें.

प्रेम केवढें करूं शकतें याचें एक उदाहरण सांगतों. फ्रान्सांतील सें-सेर्वां गांवीं ज्यान ज्युगां नांवाची एक गरीब मोलकरीण राहत असे. १८३९ सालच्या हिवाळ्यांत तिनें एका अंध व लुळ्या वृद्धेस आपल्या घरीं आणिलें, आपली खाट तिला दिली, व आपण माळ्यावर निजूं लागली. जिना अरुंद होता. ज्याननें त्या वृद्धेस वर वाहून नेलें असें सांगतात. त्या एका खाटेपासून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला, आणि आज जगांतील अनेक देशांत तो वृद्धांची सेवा करीत आहे. २००९ सालीं ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलें. आपल्यापैकीं कोणासही आईस पाठीवर घेऊन जिना चढावयास कोणी सांगत नाहीं. फक्त जिन्यास कठडा लावावयास सांगत आहों.

आतां आपल्या या मंदिराकडे वळूं. कारण दुसऱ्याच्या घरांतील उंबरठा मोजणारानें आपला आधीं मोजावा. आम्ही या धर्मग्रामांत आल्यास चार वर्षें झालीं. या सात पायऱ्या आम्ही रोज चढलों. परंतु त्या मोजल्या याच वर्षीं. त्याचें कारण असें घडलें. दर रविवारीं मिस्साच्या वेळीं चर्चच्या आवारांत कडुनिंबाखालीं एक रिक्षा उभी असते. ती भाड्याची वाट पाहत असावी, असें आम्हांस वाटे. एके दिवशीं आम्ही जवळ गेलों, तों आंत एक वृद्ध बसलेले. ध्वनिक्षेपकावरून ऐकूं येईल तेवढी मिस्सा ऐकून ते घरीं जात. या मंदिराच्या पायाच्या विटा त्यांनीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं डोक्यावरून वाहिल्या होत्या. ज्या घराचा पाया त्यांनीं घातला त्या घरांत त्यांस जातां येत नव्हतें, आणि त्यांनीं कोणापाशीं तक्रारही केली नव्हती. त्या दिवसापासून आम्ही त्यांस रिक्षांतच कम्युनियन नेऊन देतों. परंतु तें देतांना दर वेळीं आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांतील तो पांगळा आठवतो. त्यास रोज मंदिराच्या ‘सुंदर’ नांवाच्या दरवाज्यापर्यंत आणून ठेवीत. दरवाजा सुंदर होता, पण तो बाहेरच बसे. पेत्रानें त्याचा उजवा हात धरून त्यास उठविलें, आणि मग तो त्यांच्याबरोबर आंत गेला. आमच्या हातीं पेत्राचें सामर्थ्य नाहीं. पण गवंड्याची थापी तरी आहे!

सात पायऱ्यांची उंची १०५ सेंटिमीटर भरली. तिला १२ मीटर ६० सेंटिमीटर लांबीचा उतार पाहिजे, आणि दक्षिणेकडील भिंतीलगत मध्यें विसाव्याची जागा ठेवूनही तो बसतो; आम्हीं गवंड्यासह मोजून पाहिलें आहे. महोत्सवाच्या स्मरणार्थ प्रवेशद्वारीं मोठी कमान उभारावी, अशी सूचना आलेली आहे, व तिच्यासाठीं कांहीं रक्कमही जमली आहे. सूचना प्रेमानें केलेली आहे, हें आम्ही जाणतों. तरीही आमची आपणांस मनापासून विनंति आहे कीं, ती रक्कम आधीं या उतारास लावावी. कमान पुढील महोत्सवास उभारतां येईल. रिक्षांतील त्या आजोबांस पुढील महोत्सव लाभेलच असें नाहीं.

त्याबरोबर दुसरेंही एक काम हातीं घ्यावें. आपल्या धर्मग्रामांत गवंडी आहेत, सुतार आहेत, वीजतंत्री आहेत, नळ बसविणारे आहेत, आणि उत्साही तरुण तर पुष्कळच आहेत. प्रत्येक वाडींत चौघांचा एक गट करावा. त्यांनीं वृद्ध व अपंग माणसांच्या घरीं जाऊन, त्यांस विचारून, काय पाहिजे तें लिहून घ्यावें, आणि महिन्यांतील एक शनिवार त्या कामास द्यावा. ज्यास ऐपत आहे त्यानें सामानाचा खर्च द्यावा. ज्यास नाहीं त्याचा आपण सर्वांनीं मिळून करावा.

चौघेच कां म्हणाल, तर चौघांची एक गोष्ट आपणांस ठाऊक आहे. कफर्णहूम गांवीं प्रभु येशू एका घरांत उपदेश करीत होता. दारांत इतकी गर्दी कीं, आंत शिरावयास वाट नाहीं. चौघेजण एका पक्षघाती माणसास बाजेवर घालून घेऊन आले. ‘आज वाट नाहीं, उद्यां येऊं’ असें ते म्हणाले नाहींत. ‘तूं येथेंच पडून ऐक’ असेंही त्यास म्हणाले नाहींत. त्यांनीं घराचें छप्पर उकललें, आणि त्यास प्रभूच्या पुढ्यांत उतरविलें. छप्पर मोडलें म्हणून प्रभु रागावला नाहीं. त्यानें त्यांचा विश्वास पाहिला. माणसासाठीं घर असतें, घरासाठीं माणूस नव्हे, हें त्या चौघांस कळलें होतें.

आज घरीं जाल तेव्हां सायंकाळच्या जपमाळेआधीं एक गोष्ट करा. आपल्या आईपाशीं, वडिलांपाशीं, घरांतील थकलेल्या किंवा अपंग माणसापाशीं बसा, आणि विचारा: ‘या घरांत तुम्हांला कोठें भीति वाटते?’ उत्तर ऐकल्यावर ‘जपून चाला’ म्हणूं नका. उठा, आणि ती जागा पाहून या.

परमदयाळु परमेश्वर आपल्या घरांस, त्यांतील वृद्धांस, आजाऱ्यांस व अपंगांस आशीर्वाद देवो. आणि ज्यांचे हातपाय धड आहेत त्या आपणां सर्वांस ते कोणासाठीं दिलेले आहेत, याची आठवण देवो. आमेन.